जमिनीवरचा विमानप्रवास

पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या पौडला विमानतळ नाही. तरी २४ ऑगस्ट २०२४ च्या शनिवारी, खराब हवेत, पौडजवळ एक हेलिकॉप्टर कोसळलं. मुंबईहून हैदराबादकडे निघालेलं खासगी हेलिकॉप्टर, आत चौघं. नशीब बलवत्तर म्हणून चौघंही वाचले. गावची माणसं धावली, पोलीस आले, आणि दिवस मावळायच्या आत तालुक्यातल्या मोबाइल-मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरले. जेमतेम सहा आठवडे गेले असतील. २ ऑक्टोबरला सकाळी, धुक्यात, याच पट्ट्यात पुण्याच्या अंगाला बावधनजवळ दुसरं हेलिकॉप्टर पडलं. त्यात तिघं गेले. पुढच्या वर्षी १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उडाल्या उडाल्या कोसळलं. विमानातला एकच प्रवासी वाचला, आणि जमिनीवरचे धरून २६० जीव गेले.

या सगळ्याचे व्हिडिओ घरातल्या मोठ्यांच्या आधी शाळकरी मुलांनी पाहिले. त्यामुळे मुळशीतल्या एखाद्या घरात दिवाळीच्या सुट्टीत विमानाने कुठे जायचा बेत ठरला, की पहिला प्रश्न सहावी-सातवीतल्या पोराकडून येतो: "पडलं तर?" आजी लगेच "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून तो उडवून लावते, वडील "काही नाही होत" म्हणून पुन्हा तिकिटाच्या भावाकडे वळतात. मला वाटतं, या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं. खोटा धीर नको आणि दटावणीही नको. आकाशातला भाग सगळ्यांत सुरक्षित असतो, हे ते उत्तर. मुलांना घेऊन विमानाने जाताना जे काही जड जातं, जे काही चुकतं, आणि जिथे खरा धोका असतो, ते बहुतेक सगळं जमिनीवर असतं. आपली भीती मात्र वर असते.

यासाठी एक जुनी हकिगत सांगावी लागेल. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचं शेपटीतलं इंजिन हवेत फुटलं आणि विमान वळवायची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करत ते आयोवातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं, तिथे ते आपटून फुटलं. आत २९६ माणसं होती, त्यांतली १८४ वाचली. वैमानिकी शिकवणारे आजही हे लँडिंग शिकवतात ते त्या कसबासाठी.

पण त्या विमानात आयांच्या मांडीवर चार लेकरं होती. त्यांना वेगळी सीट नव्हती, वेगळा पट्टा नव्हता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी आयांना सांगितलं, की बाळाला पायांशी जमिनीवर ठेवा, भोवती मऊ कपडे लावा, हातांनी धरून ठेवा. त्या वेगाच्या आपटीत हातांनी धरलेलं काय राहणार? चारांतलं एक बाळ गेलं. बाहेर आल्यावर त्या बाळाची आई जॅन ब्राउन यांच्या समोर येऊन उभी राहिली. तुम्ही सांगितलंत म्हणून मी ठेवलं, एवढंच तिचं म्हणणं. ब्राउनबाईंनी नंतरची कित्येक वर्षं एकच मागणी लावून धरली: दोन वर्षांखालच्या बाळालाही स्वतःची सीट आणि बांधून ठेवणारी खुर्ची सक्तीची करा.

आता गंमत बघा. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने ही सक्ती करायला नकार दिला, २००५ मध्ये पुन्हा दिला, आणि त्यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. बाळाचं तिकीट सक्तीचं केलं तर काही कुटुंबांना खर्च परवडणार नाही, ती मोटारीने जातील, आणि विमानात जेवढी बाळं वाचतील त्यापेक्षा जास्त रस्त्यावर मरतील. ब्राउनबाईंच्या बाजूने भावना होती आणि अपघातात सापडलेल्या विमानापुरतं शहाणपणही होतं. खात्याच्या बाजूने रस्ता होता. मला विचाराल तर ज्याला परवडतं त्याने लांबच्या प्रवासात बाळाची सीट घ्यावीच. पण खात्याचा हिशोब पौडच्या रस्त्यावर उभं राहून वाचला, की खोटा म्हणवत नाही.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. हा केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने नियम काढला, की नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, डोक्यात हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. पिरंगुटच्या घाटात कुठल्याही संध्याकाळी उभे राहा. पेट्रोलच्या टाकीवर एक, मध्ये एक, मागे आईच्या कडेवर एक, अशा गाड्या कंपन्यांच्या बस आणि डंपर यांच्यामधून वाट काढत जातात. तो पट्टा मी अजून तरी कुणाच्या अंगावर पाहिलेला नाही. विमानात बसताना देवाचं नाव घेणारे आपण या रस्त्याला मात्र कधी घाबरत नाही, कारण तो रोजचा आहे.

म्हणजे विमानप्रवासाचा खरा धोक्याचा टप्पा पौड ते लोहगावचा पुणे विमानतळ. अंतर चाळीसएक किलोमीटर, पण अख्खं पुणं मध्ये आडवं. पिरंगुट, भुकूम, भूगाव, मग चांदणी चौक. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून पाडला आणि नव्या उड्डाणपुलाचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ ला झालं. कोंडी तिथून हटली, आणि पुढे-मागे वाटून गेली. सकाळी आठच्या विमानासाठी पौडकर चारला निघतो ते याच रस्त्याच्या धास्तीने, आणि रस्ता मोकळा मिळाला की दोन तास विमानतळावर झोपाळू पोरं सांभाळत बसतो. दोन्हींतलं काय वाईट, हे प्रत्येकाने आपापलं ठरवावं.

इथे डॉक्टरांची एक गोष्ट उपयोगी पडते. गाडी लागणं दोन वर्षांखालच्या बाळाला सहसा होत नाही, आणि ते सगळ्यांत जास्त होतं ते शाळकरी वयात. ताम्हिणी घाटाच्या वळणांवर ज्याला हमखास ओकारी होते ते पोर विमानात बहुतेक वेळा खडखडीत असतं, कारण हवेत वळणं नसतात. पण आई त्याला विमानाच्या भीतीने पहाटे उपाशी ठेवते. मग ते रिकाम्या पोटी मोटारीत मोबाइलवर मान घालून बसतं आणि भूगावच्या पुढे जायच्या आत गाडी थांबवावी लागते. थोडी भाकरी किंवा बिस्कीट द्यावं, मोबाइल काढून घ्यावा, खिडकीतून लांब बघायला लावावं. विमानासाठीची गोळी द्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि ती मोटारीत बसायच्या आधी.

लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ. सुखोई विमानांच्या गर्जना ऐकत प्रवासी विमानं तिथे आपल्या वाट्याची वेळ घेतात. नवं टर्मिनल १४ जुलै २०२४ ला सुरू झालं आणि जुन्या इमारतीतली ती खांद्याला खांदा लावून उभं राहायची वेळ बरीच सरली. आत शिरल्यावर लहान मुलांच्या आईबापांची परीक्षा कागदांची असते. आईबापाबरोबर देशातल्या देशात जाणाऱ्या लहान मुलाला वेगळं ओळखपत्र सहसा कुणी मागत नाही. पण दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर, कमी पैशांत न्यायचं असेल तर त्याच्या वयाचा पुरावा विमान कंपनी मागते, आणि ग्रामपंचायतीचा जन्मदाखला नेमका घरी कपाटात राहिलेला असतो. आणखी एक खाचखळगा: जाताना बाळ दोन वर्षांचं नाही, पण परतीच्या तारखेला त्याचे दोन पुरे झाले, तर परतीला त्याची सीट घ्यावी लागते. वाढदिवस गोव्यात करायच्या हौसेत ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. दोन वर्षांच्या पुढे स्वस्तातल्या कंपन्या देशातल्या प्रवासात मुलाकडून जवळजवळ मोठ्या माणसाएवढंच भाडं घेतात. एसटीसारखं अर्धं तिकीट इथे नाही.

मग सुरक्षा तपासणी. दिवाळीच्या दिवसांत या रांगेत उभं राहून बघण्यासारखं असतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या खिशातून टिकल्यांची डबी निघते, बॅगेतून पिस्तूल निघतं. खेळण्यातलं का असेना, पिस्तूल हातातल्या सामानात चालत नाही, आणि टिकल्या, फुलबाज्या, काही म्हणजे काहीच फटाके विमानात कुठेच चालत नाहीत, खाली पोटातल्या सामानातही नाहीत. पोराचा चेहरा बघवत नाही, पण जवानाचं काही चुकत नाही. घरून निघताना खिसे उलटे करून बघायचं काम कुणीतरी करायला हवं होतं. तसंच सुक्या खोबऱ्याचं. वाटीच्या वाट्या बांधून घेतलेल्या आजीला ते का काढतात हे कळत नाही. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या जगभरच्या नियमांत ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको, खाली द्यायच्या बॅगेत नीट बांधून टाकावी. पॉवर बँकचं उलटं: ती खालच्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते. चकल्या, शंकरपाळे, लाडू यांना कुणाची हरकत नाही, आणि विमानातल्या सँडविचच्या भावात घरचा डबाभर फराळ होतो, हे सांगायला नकोच. बाळाचं दूध, पाणी, पातळ खिमट यांना परदेशी प्रवासातही शंभर मिलिलिटरच्या नियमातून सवलत असते. फक्त ते काढून वेगळं दाखवावं लागतं.

विमानात बसलं, की मोठ्यांना वाटतं सुटलो. बाळाचं दुखणं मात्र आता येतं, आणि तेही वर जाताना कमी, खाली उतरताना जास्त. प्रवासात विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर असतं, पण आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई, ५,४०० फूट. म्हणजे सीटवर बसल्या बसल्या बाळ कळसूबाईच्याही वरच्या हवेत जातं आणि अर्ध्या तासात पुण्याच्या हवेत परत येतं. कानाच्या पडद्याआडची हवा घशात उघडणाऱ्या एका बारीक नळीतून समतोल राखते. लहान मुलांची ही नळी अरुंद आणि आडवी असते, सर्दी असली तर बुजलेली. बाहेरचा दाब वाढत जातो, आत हवा पोचत नाही, पडदा आत ओढला जातो आणि बाळ किंचाळतं.

उपाय जुनाच आहे. गिळताना ती नळी उघडते. म्हणून विमान उतरायला लागल्याची घोषणा झाली, की झोपलेल्या बाळालाही उठवून अंगावर घ्यावं किंवा बाटली द्यावी. इथेच बहुतेक जण फसतात. बाळ दोन तासांनी एकदाचं झोपलेलं असतं, त्याला उठवायचं कुणाच्या जिवावर येतं? शेजारी तर डोळ्यांनीच विनवत असतात, राहू द्या म्हणून. मग जमिनीपासून पाच हजार फुटांवर ते स्वतःच उठतं. एक समाधान आहे: रडतानाही बाळ गिळतं, म्हणजे रडणं हाही त्याच्यापुरता इलाज आहे. मोठ्या मुलांना चघळायला आवळासुपारी किंवा लिमलेटची गोळी पुरते. कान वाहत असेल किंवा सर्दी जोरात असेल तर मात्र निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवावं.

मांडीवरच्या बाळासाठी आपल्याकडे आईच्या पट्ट्यात अडकवायचा एक छोटा पट्टा देतात. तो मागून घ्यावा. गडबडीत द्यायचा राहतो. आणि रांगेच्या एकाच बाजूला दोन मांडीवरची बाळं बसवत नाहीत, त्यामागे खोडसाळपणा नाही: तीन सीटांच्या वर ऑक्सिजनचे साधारण चार मास्क असतात, पाचव्याला कुठून आणणार? अमेरिकेच्या लांबच्या विमानात पहिल्या रांगेसमोरच्या भिंतीला पाळणा लावून मिळतो, साधारण दहा-अकरा किलोपर्यंतच्या बाळाला. तो आधी सांगून ठेवावा लागतो. विमान हलायला लागलं आणि पट्ट्याचा दिवा लागला, की त्यातून बाळ उचलून मांडीवर घ्यावं लागतं, मग ते कितीही गाढ झोपलेलं असो. समुद्रावरून जाताना एका रात्रीत हे चार-पाच वेळा होऊ शकतं.

सीटांचा प्रश्न काही वर्षांपूर्वी भलताच पेटला होता. सीट निवडायचे वेगळे पैसे, न दिले तर सहा वर्षांचं पोर एका रांगेत आणि आई दहा रांगा मागे. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना बजावलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई, वडील किंवा पालकांपैकी किमान एकाशेजारी सीट द्यायचीच. यात "त्याच तिकिटावरच्या" हे महत्त्वाचं. आईबाप-मुलांची तिकिटं दोन ठिकाणी काढली, की हा हक्क लटकतो. लोकांची अदलाबदलीची तयारी असतेच म्हणा. मराठी माणूस एसटीत खिडकीची सीट सोडत नाही, पण विमानात लेकुरवाळीला उठून जागा देतो, हे मी आवर्जून नोंदवतो.

बारा वर्षं ओलांडली, की विमान कंपन्यांच्या लेखी मूल संपतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला शेजारची सीट मिळायची हमी नाही, आणि तेही म्हणतं बरंच झालं. मुळशीतल्या पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या घरांत मी जे पाहत आलो ते असं, की या वयाच्या मुलामुलींना कुणी घेऊन जात नाही. तीच घरच्यांना घेऊन जातात. वेब चेक-इन तेच करतात. पुण्यात २०२३ पासून चेहरा दाखवून आत जायची डिजीयात्रा सुरू झाली, ती बापाच्या फोनवर त्यांनीच चढवलेली असते. गेट बदलल्याचा संदेश त्यांनाच आधी कळतो. सरकत्या जिन्यापाशी थबकलेल्या आजीचा हात नातीने धरलेला, पाठीवर बापाची बॅग, आणि "आजी, पट्टीच्या मध्ये पाय ठेव, वर बघ, आता उतरायचं" अशा सूचना चाललेल्या. जमीन विकून किंवा पिरंगुटच्या कारखान्यात पगार वाढून विमानाचं तिकीट काढण्याची ऐपत बापाला आली, पण विमानतळावर कसं वागायचं हे ज्ञान पोरांकडे आहे. या उलट्या क्रमाची बापाला जरा लाजही वाटते. ती वाटू नये. पोराला चूक करायची जरा मोकळीक दिली, तर तो रागावलेला, कानात बोळे घातलेला चौदा वर्षांचा मुलगा प्रवासभर कामाचा माणूस होतो. त्याला सामानासारखं ओढलं, तर तो सामानासारखाच वागतो.

एक बाब त्याच्या हातात नाही: झोप. किशोरवयात शरीराचं घड्याळ मोठ्यांपेक्षा उशिरा चालतं, रात्री झोप उशिरा येते, सकाळी डोळा उघडत नाही. त्यात अमेरिकेशी साडेनऊ ते साडेतेरा तासांचा फरक पडला, की तिकडून परतल्यावर शाळा सुरू व्हायच्या आधी आठवडाभर तरी हवा. आळशीपणाचं लेबल लावायची घाई करू नये.

तालुका एकच, पण त्यात दोन मुळशी आहेत. हिंजवडी आणि माण ही गावं मुळशी तालुक्यातली. तिथल्या माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांतून निघालेली माणसं पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत गेली, त्यांची बाळं तिकडे जन्मली, आणि त्या बाळांना आज्यांकडे आणायचं म्हणजे अमेरिकी पासपोर्ट, ओसीआय कार्ड किंवा व्हिसा, आणि एकटी आई असेल तर वडिलांचं संमतीपत्र जवळ असलेलं बरं. दुसरी मुळशी धरणाकाठच्या वाड्यांची. तिथे शाळेपर्यंत चालत जाणं हाच मोठा प्रवास.

२०२५ साली पुणे जिल्हा परिषदेने एक वेगळंच काम केलं. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या सहावी-सातवीच्या मुलांची निवड परीक्षा आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मदतीने तीन टप्प्यांत घेतली, आणि निवडलेल्या ७५ जणांपैकी २५ जणांना अमेरिकेत नासा आणि ५० जणांना इस्रो दाखवायचं ठरवलं. भोर तालुक्यातल्या एका दुर्गम शाळेतली बारा वर्षांची मुलगी त्यात होती. ती तोवर रेल्वेतही बसलेली नव्हती, हे वर्तमानपत्रांत आलं तेव्हा लोकांना फार भावलं. मला त्या बातमीत विमानापेक्षा कागद दिसले. अकरा-बारा वर्षांच्या, घरात कुणाचाही पासपोर्ट नसलेल्या मुलीचा पासपोर्ट काढायचा म्हणजे जन्मदाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एक हवं, आईबाप दोघांची संमती सहीनिशी हवी. खेड्यात या तिन्ही नावांत एखादी वेलांटी इकडची तिकडे झाल्याशिवाय राहत नाही. मग अमेरिकेचा व्हिसा. चौदा वर्षांखालच्यांना मुलाखतीतून सूट मिळायची, ती २ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने जवळपास काढून घेतली. म्हणजे ही मुलं निघायच्या बेताच्या हंगामातच तो नियम आला. सहल काढणाऱ्या शिक्षकांचं आणि अधिकाऱ्यांचं खरं काम इथे होतं. विमानात तर हवाई सेविका असतातच.

आईबाप बरोबर नसताना मुलांनी विमानाने जायचं, ही कल्पना आपल्याकडे अजून अंगावर येते. पण त्याची व्यवस्था जगभर बसलेली आहे. साधारण पाच ते बारा वर्षांचं मूल एकटं जात असेल तर कंपनी ते "एकटं मूल" म्हणून स्वीकारते, वेगळं शुल्क घेते, गळ्यात कागदांची पिशवी अडकवते, आणि एका माणसाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात देताना दर वेळी सही घेते. उतरल्यावर घ्यायला येणाऱ्याचं नाव आधी दिलेलं असतं. मामा येणार होता आणि काका आला, तर मूल मिळत नाही, ओळखपत्र दाखवूनही नाही. पाच वर्षांखालचं मूल एकटं पाठवता येत नाही. बाराच्या पुढे देशात एकटं जाता येतं, परदेशात मात्र कंपनी कंपनीचे आणि देशादेशाचे नियम वेगळे.

एकट्याने उडणाऱ्या मुलांचा मोठा अनुभव असलेली एक जागा योगायोगाने पौडच्याच डोक्यावर आहे. पौडपासून जवळ, खुबवलीच्या टेकडीवर, १९९७ साली महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं. ब्रिटनमध्ये १९६२ साली वेल्सच्या अटलांटिक कॉलेजपासून सुरू झालेल्या शाळांच्या साखळीतलं हे एक. इमारती वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर यांच्या, दगडी, डोंगराच्या चढणीला धरून. पत्ता मात्र साधा: पोस्ट पौड, तालुका मुळशी, पिन ४१२१०८. देशोदेशीच्या निवड समित्यांनी पाठवलेली सोळा ते एकोणीस वर्षांची मुलंमुली दोन वर्षांसाठी इथे येतात. त्यांतली कित्येक घरून निघताना पहिल्यांदा विमानात बसलेली असतात, दोन-तीन विमानं बदलून मुंबईला किंवा पुण्याला उतरतात, आणि मग आपल्याच त्या रस्त्याने, ऐन पावसात, चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट करत वर चढतात. परदेशी मुलांना इथे आल्यावर चौदा दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव लावायचं असतं. व्हिसाच्या अर्जात पौड हे नाव ज्या भाषांमधून लिहिलं गेलं असेल, तेवढ्या भाषा मुळशीकराने ऐकलेल्याही नसतात.

या कॉलेजात भारतातल्या मुलांचीही निवड होते आणि शिष्यवृत्त्याही आहेत. तरी आसपासच्या वाड्यांत त्याची माहिती फारशी पोचलेली दिसत नाही, हे मला खटकतं. कॉलेजचं कुंपण उंच आहे म्हणून नव्हे. शाळेत कुणी सांगतच नाही म्हणून. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांपुरता असतो. म्हणजे बाराव्या वर्षी काढलेला पासपोर्ट सतराव्या वर्षी, नेमका अशा अर्जांच्या वेळी, संपत येतो. मात्र पंधरा पूर्ण झाली, की दहा वर्षांचा मागता येतो. नासा पाहून आलेल्या मुलांच्या शिक्षकांनी एवढं त्यांच्या घरी सांगून ठेवावं, आणि पुढच्या वेळी तरी जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींतली नावं आधीच जुळवून घ्यावीत.